पेडलबोर्डचा रेग्युलेटेड पॉवर सप्लाय: आयसी कुठली ते नंतर, आधी निगेटिव्हची वायर कुठून कुठे जाते ते बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ, अ‍ॅनालॉग कोरस आणि डिजिटल डिले अशी गिटारची सहा पेडल आहेत, सगळी एका साध्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर डेझी चेन (एकाच वायरवर ओळीने अनेक प्लग) लावून चालतात, ओव्हरड्राइव्ह दाबला की खाली जाड घूंऽऽ आणि वर बारीक शिट्टी येते, आणि फझ चेनला जोडला की सगळी पेडल एकदम बंद पडतात पण तोच फझ बॅटरीवर मस्त वाजतो. आता सप्लाय स्वतः बनवायचाय, तर व्होल्टेज स्थिर ठेवणारी रेग्युलेटर आयसी ७८०९ घ्यावी की एलएम३१७, ट्रान्सफॉर्मर केवढा, आणि पडून असलेला १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर चालेल का.

आयसीचं उत्तर लगेच देतो, ७८०९ घ्या. पण नुसती ती लावून तुमची घूं कमी होईल, शिट्टी आणि फझचा घोळ मात्र तसाच राहील, कारण त्या दोन्हीचा व्होल्टेज रेग्युलेशनशी फारसा संबंधच नाही, तो ग्राउंडचा, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वायरचा, मामला आहे. पेडलच्या सप्लायमध्ये लोक सगळा वेळ आयसी निवडण्यात घालवतात आणि निगेटिव्हची वायर जिथे जवळ पडेल तिथे चिकटवतात, आणि मग आवाज तिथूनच येतो.

आधी कान लावा. घूं कुठल्या सुराची आहे ते गिटारवरच ओळखता येतं. जाड ई तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी, ९८ हर्ट्झ. मेन सप्लाय ५० हर्ट्झचा असेल तर ब्रिज रेक्टिफायरनंतरचा (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडनंतरचा) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, १०० हर्ट्झचा असतो, म्हणजे घूं त्या जी ला जवळजवळ चिकटून ऐकू येत असेल तर तो रिपल आहे, अ‍ॅडॉप्टरमधून येतोय. त्याच्या एक सप्तक खाली, नुसती भरीव गुरगुर असेल तर ते ५० हर्ट्झ, आणि ते बहुतेक वेळा ग्राउंड लूप (ग्राउंडच्या वायरचं पूर्ण झालेलं वर्तुळ) किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कशात तरी शिरतंय त्यामुळे. ६० हर्ट्झचा मेन असलेल्या ठिकाणी हेच आकडे १२० आणि ६०, तिथे १२० हा त्याच तारेच्या सातव्या फ्रेटच्या बी ला जवळ पडतो. शिट्टी मात्र मेनची नसतेच, ती डिजिटल डिलेची. डिलेच्या आतला प्रोसेसर आणि क्लॉक करंट सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतात, ते झटके चेनच्या सामाईक वायरवर उमटतात आणि ओव्हरड्राइव्ह ते शंभरेक पटीने वाढवून दाखवतो. खात्री करायची असेल तर डिलेची पॉवर चेनमधून काढा आणि त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर लावा, शिट्टी गेली पाहिजे.

आता तुमच्या सध्याच्या अ‍ॅडॉप्टरबद्दल. साधा म्हणजे आत फक्त ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि एक कपॅसिटर असलेला. त्यावर लिहिलेले ९ व्होल्ट हे पूर्ण लोडला असतात, रिकामा किंवा हलक्या लोडवर तोच १२, १३, कधी १४ व्होल्टपर्यंत दाखवतो, मल्टिमीटर लावून बघा. बहुतेक जुन्या अ‍ॅनालॉग पेडलना त्याने काही होत नाही, पण ज्या पेडलमध्ये व्होल्टेज दुप्पट किंवा उलटं करायला मॅक्स१०४४ सारखी चार्ज पंप आयसी असते त्यांचं कठीण आहे, त्या आयसीची कमाल मर्यादा १०.५ व्होल्ट आहे आणि ती ओलांडली की ती बिनबोभाट जाते. क्लॉन सेंटॉर आणि त्याच्यावरून बनवलेल्या असंख्य ओव्हरड्राइव्हमध्ये हीच आयसी किंवा तिची भावंडं असतात. त्यामुळे रेग्युलेटेड सप्लाय हा आवाजाआधी पेडलच्या जिवाचा प्रश्न आहे.

किती करंट लागतो? इथे लोक विनाकारण घाबरून २ अँपिअरचे ट्रान्सफॉर्मर आणतात. फझ जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर ओढतो, ओव्हरड्राइव्ह आणि कॉम्प्रेसर पाच ते दहाच्या घरात, आणि त्यातही बराचसा वाटा एलईडीचा. अ‍ॅनालॉग कोरस वीसेक, ट्यूनर तीसेक, साधा डिजिटल डिले पन्नास ते शंभर. तुमचं सगळं मिळून दीड-दोनशेच्या पुढे जात नाही. मोठी डिजिटल युनिटं एकेक ३०० ते ५०० ओढतात, तसं काही पुढे घ्यायचं मनात असेल तर त्याची जागा आत्ताच ठेवा. प्रत्येक पेडलच्या लेबलवर किंवा मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तो बघा, माझ्या अंदाजावर विसंबू नका.

म्हणून माझा सल्ला असा की एक मोठा सप्लाय बनवूच नका, तीन छोटे बनवा, एकाच डब्यात. पहिला कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि कोरससाठी, दुसरा डिले आणि ट्यूनरसाठी, आणि तिसरा एकट्या फझचा. तिघांना वेगवेगळे पीसीबीवर बसणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, १२ व्होल्ट सेकंडरीचे (बाहेर १२ व्होल्ट एसी देणारे), अनुक्रमे ३ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर), ६ व्हीए आणि १.५ व्हीए. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला करंट हा एसीचा असतो, ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर डीसी बाजूला त्याच्या साधारण ६० टक्केच धरायचा. म्हणजे १२ व्होल्ट ६ व्हीए म्हणजे ५०० मिलिअँपिअर एसी, त्यातून ३०० डीसी. ३ व्हीए मधून दीडशे, १.५ व्हीए मधून पंचाहत्तर. तुम्हाला पुरून उरतं.

१२ च का, ९ च्या ट्रान्सफॉर्मरवर ९ व्होल्ट का नाही, हे बरेच जण विचारतात, तर हिशोब करून टाकू. ९ व्होल्ट एसीचं शिखर १२.७, ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत येतात त्यांचे १.४ गेले, राहिले ११.३. कपॅसिटरवरचा रिपल काढायचा तर करंट गुणिले ०.०१ सेकंद भागिले कपॅसिटन्स, ३०० मिलिअँपिअर आणि २२०० मायक्रोफॅरडला तो जवळपास १.४ व्होल्ट येतो. म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलच्या शेवटी कपॅसिटरवर जेमतेम १० व्होल्ट उरतात आणि ७८०९ ला नीट काम करायला इनपुटवर किमान ११ लागतात. मग सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटर सुटतो आणि तुम्हाला रेग्युलेटेड सप्लायमधून सुद्धा अगदी साग्रसंगीत घूं ऐकू येते, आणि गंमत अशी की मीटरवर डीसी बघितला तर ९ च्या आसपासच दिसतो त्यामुळे दोष सापडत नाही. १२ व्होल्टला शिखर १७, डायोड जाऊन १५.६, रिपल जाऊन १४.२, भिंतीतलं व्होल्टेज दहा टक्के खाली गेलं तरी साडेबाराच्या आसपास, निर्धास्त.

उलट बाजूही बघा. छोट्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज लोड नसताना खूप चढतं, १.५ व्हीए वाला १२ चा ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना १६-१७ व्होल्ट एसी सहज देतो, म्हणजे कपॅसिटरवर २२-२३ डीसी. म्हणून फिल्टर कपॅसिटर २५ व्होल्टचे घेऊ नका, ३५ चेच घ्या, फरक नगण्य असतो. मोठ्या दोन भागांना २२०० मायक्रोफॅरड, फझच्या भागाला ४७० सुद्धा चिक्कार.

७८०९ की एलएम३१७. एलएम३१७ च्या अ‍ॅडजस्ट पिनला १० मायक्रोफॅरड लावला तर तिचं रिपल दाबणं ६५ वरून ८० डेसिबलपर्यंत जातं, ते ७८०९ पेक्षा नक्कीच चांगलं, कागदावर. २४० ओहम आणि १.५ किलोओहम लावले की ९.१ व्होल्ट मिळतात. पण मग तिला दोन संरक्षक डायोड लागतात, दोन रेझिस्टर जास्तीचे, आणि एक सोल्डर कच्चं राहून खालचा रेझिस्टर सुटला तर आउटपुट थेट इनपुटच्या जवळ उडी मारतं आणि सहा पेडलच्या अंगावर वीस व्होल्ट येऊ शकतात. ७८०९ ला असं चुकायला वावच कमी आहे. तिचं रिपल दाबणं साधारण हजार पट धरा, दीड व्होल्टचा रिपल दीड मिलिव्होल्ट होतो, वर प्रत्येक पेडलच्या आत त्याचा स्वतःचा फिल्टर असतो. १२ किंवा १८ व्होल्टचा वेगळा आउटपुट हवा असेल तेव्हा एलएम३१७ खुशाल वापरा, ९ साठी ७८०९, आणि फझच्या भागाला १०० मिलिअँपिअरची छोटी ७८एल०९. एक सांभाळा, या छोटीचे पाय मोठीच्या उलट असतात. मोठीचं लिखाण आपल्याकडे धरलं की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट, आणि छोटीची सपाट बाजू आपल्याकडे धरली की आउटपुट, ग्राउंड, इनपुट. एलएम३१७ चा क्रम तर आणखी तिसराच, अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट, आणि तिच्या धातूच्या टॅबवर आउटपुट असतं, तर ७८०९ च्या टॅबवर ग्राउंड. हीटसिंकला (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) स्क्रू मारण्यापूर्वी हे डोक्यात पक्कं पाहिजे.

आयसीच्या इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही पायांच्या अगदी मुळाशी. हे शोभेचे नाहीत. फिल्टर कपॅसिटर लांब असेल आणि इनपुटचा छोटा कपॅसिटर नसेल तर रेग्युलेटर स्वतःच उच्च फ्रिक्वेन्सीवर थरथरायला लागतो, तो थरथराट ऐकू येत नाही पण ओव्हरड्राइव्हचा आवाज विनाकारण खरखरीत होतो. आउटपुटला आणखी एक १०० मायक्रोफॅरड घाला, आणि १एन४००७ डायोड आउटपुटकडून इनपुटकडे, डायोडवरची पट्टी इनपुटच्या बाजूला, म्हणजे इनपुट अचानक बसलं तर आउटपुटचा कपॅसिटर आयसीतून उलटा रिकामा होणार नाही.

उष्णता. मधल्या भागात ३०० मिलिअँपिअर ओढले तर १५ वजा ९ म्हणजे ६ व्होल्ट गुणिले ०.३, १.८ वॅट. हीटसिंक नसेल तर या पॅकेजचं तापमान वॅटमागे साधारण ६५ अंश चढतं, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या वर आणखी ११७ अंश, हे १२५ च्या मर्यादेच्या पार जातं आणि आयसी स्वतःला बंद करते, थंड झाली की परत चालू, परत बंद. गाण्याच्या मधेच डिले गुल होऊन मिनिटभराने परत येतो असं कुणी सांगितलं तर मी आधी हीटसिंक विचारतो. वॅटमागे दहा-पंधरा अंशांचा छोटा हीटसिंक घ्या, डब्याला वर-खाली भोकं ठेवा, झालं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

ब्रिज रेक्टिफायर फिल्टर कपॅसिटरला सलग करंट देत नाही. एसीचं शिखर कपॅसिटरच्या व्होल्टेजच्या वर जातं तेवढ्याच वेळात, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांपैकी दोनेक मिलिसेकंद, तो सगळा करंट एकदम ओततो. सरासरी ०.३ अँपिअर जात असेल तर त्या दोन मिलिसेकंदांतला झोत दोन अँपिअरच्या घरात असतो. हा झोत ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर आणि परत ट्रान्सफॉर्मर अशा वर्तुळात फिरतो. आता आपण साधारण हुकअप वायर वापरतो तिची दहा सेंटीमीटर लांबी म्हणजे आठ-नऊ मिलिओहम. ऐकायला काहीच नाही. पण दोन अँपिअर गुणिले साडेआठ मिलिओहम म्हणजे १७ मिलिव्होल्ट, वायरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शंभर हर्ट्झने, टोकदार आकाराचे. तुम्ही पेडलकडे जाणारी निगेटिव्ह वायर ब्रिजच्या निगेटिव्हला लावली, आणि ७८०९ चा ग्राउंड पाय कपॅसिटरच्या निगेटिव्हला, तर हे १७ मिलिव्होल्ट सरळ आउटपुटमध्ये मिसळले. आयसीने दीड व्होल्टचा रिपल दीड मिलिव्होल्टवर आणला आणि आपण एका वायरच्या चुकीच्या टोकाने त्याच्या दसपट परत घातला. आणि पिकअपचा सिग्नलच काही दहा ते शंभरेक मिलिव्होल्टचा असतो हे ध्यानात घ्या.

उपाय फुकटचा आहे. ब्रिजचा निगेटिव्ह आधी कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायाकडे जाऊ दे, आणि त्या वायरला वाटेत दुसरं काहीही जोडू नका. कपॅसिटरच्या त्याच पायापासून एक वेगळी वायर ७८०९ च्या ग्राउंड पायाकडे. आणि पेडलच्या जॅकना जाणारे सगळे निगेटिव्ह हे ७८०९ च्या ग्राउंड पायापासून, म्हणजे आउटपुटच्या १०० मायक्रोफॅरडच्या निगेटिव्हपासून निघाले पाहिजेत, एकेक जॅकला एकेक स्वतंत्र वायर. एका जॅकवरून दुसऱ्या जॅकवर उडी मारत जायचं नाही, कारण मग डब्याच्या आतच डेझी चेन झाली. पॉझिटिव्हचंही तसंच. व्हेरो बोर्डवर (तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या भोकांच्या बोर्डवर) करत असाल तर पट्टी कुठे कापली आहे ते भिंगातून बघा, अर्धवट कापलेल्या पट्टीमुळे वर लिहिलेलं सगळं वाया जातं, आणि ब्रिज ते कपॅसिटर या तुकड्यावर पट्टीच्या वरून तांब्याची उघडी तार सोल्डर करून तो जाड करून टाका.

पहिल्या भागातल्या प्रत्येक आउटपुटला एक १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि त्याच्यापुढे जॅकपाशी १०० मायक्रोफॅरड घाला अशी माझी शिफारस आहे. वीस मिलिअँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात आणि १६० हर्ट्झच्या वरचा कचरा एका पेडलकडून दुसऱ्याकडे जायला अडतो. डिलेच्या आउटपुटला हे करू नका, त्याला झटक्यात करंट लागतो आणि रेझिस्टरमुळे त्याचंच व्होल्टेज हलायला लागतं.

जॅक प्लॅस्टिकचे घ्या, हा मुद्दा छोटा वाटतो पण याच्यावर डबेच्या डबे फसलेले बघितलेत. पेडलच्या जगात प्लगच्या आतली पिन निगेटिव्ह आणि बाहेरचं नळकांडं पॉझिटिव्ह, ५.५ बाय २.१ मिलिमीटरचा प्लग. म्हणजे धातूचा जॅक धातूच्या डब्यात घट्ट केला की डब्यावर ९ व्होल्ट पॉझिटिव्ह आले. दुसऱ्या भागाचा जॅकही तसाच लावला की दोघांचे पॉझिटिव्ह एक झाले आणि वेगवेगळे ट्रान्सफॉर्मर घेतल्याचा सगळा फायदा गेला, आणि डबा कुठे पेडलच्या कव्हरला टेकला तर थेट शॉर्ट.

आणि आता फझ. जर्मेनियमचे जुन्या पद्धतीचे फझ बहुतेक पीएनपी ट्रान्झिस्टरवर असतात आणि त्यांच्यात बॅटरीचा पॉझिटिव्ह हा ग्राउंड असतो, म्हणजे गिटारच्या केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीला पॉझिटिव्ह जोडलेला. बाकीच्या पाच पेडलमध्ये जाळीला निगेटिव्ह. पॅच केबलने सगळ्यांच्या जाळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे दोघांना एकाच सप्लायवरून चालवलं की सप्लायचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पॅच केबलच्या जाळीतून एकमेकांना भिडतात. तुमची सगळी पेडल मरतात ती यामुळे, फझ बिघडलेला नाही. बॅटरीवर तो चालतो कारण बॅटरीचं दुसऱ्या कुणाशी काही नातं नसतं. तेच आपल्याला करायचंय, म्हणून त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर, वेगळा ब्रिज, वेगळी ७८एल०९, आणि त्या भागाचा निगेटिव्ह इतर भागांच्या निगेटिव्हला डब्यात कुठेही जोडायचा नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरवर तीन ७८०९ बसवून 'तीन आयसोलेटेड आउटपुट' म्हणणारे नकाशे फिरत असतात, त्यांच्यात निगेटिव्ह एकच असतो, ते आयसोलेटेड नाहीत. अनेक स्वतंत्र सेकंडरी असलेला एकच टोरॉइड (कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर तो मात्र उत्तम, त्याचं बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्रही कमी असतं. साधे ट्रान्सफॉर्मर असतील तर डबा वाह पेडलपासून लांब ठेवा, वाहच्या आतली कॉइल ते क्षेत्र पकडते आणि कुठल्याही रेग्युलेटरने ते जात नाही.

मेनची बाजू. इथे मी जरा कडक बोलतो. याआधी मेनवर कधी काम केलं नसेल तर पहिला सप्लाय स्वतः मेनला जोडू नका, १२ व्होल्ट एसी आउटपुट देणारे बंद अ‍ॅडॉप्टर मिळतात, भागागणिक एक घ्या आणि ब्रिजपासून पुढचं सगळं वर लिहिल्यासारखं करा, आवाजात काडीचा फरक पडणार नाही. मेन आत आणणारच असाल तर धातूचा डबा, तीन पिनांचा सॉकेट, अर्थ डब्याला दातेरी वॉशर लावून स्वतंत्र स्क्रूवर घट्ट आणि तो स्क्रू दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, लाइव्हमध्ये आधी फ्यूज मग स्विच, प्रत्येक उघड्या टोकावर हीटश्रिंक. एवढ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरना २३० व्होल्टला १०० मिलिअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज पुरतो, ११० ला २००. आणि डीसीचा निगेटिव्ह या अर्थला जोडू नका. तुमचा अ‍ॅम्प आधीच अर्थ केलेला आहे आणि केबलच्या जाळीतून पेडलपर्यंत तो पोचलेला आहे, दुसऱ्यांदा जोडलात की अ‍ॅम्प, भिंत, तुमचा डबा आणि केबल असं मोठं वर्तुळ पूर्ण होतं आणि ती ५० हर्ट्झची गुरगुर सुरू. ही गुरगुर घालवायला काही जण अ‍ॅम्पची अर्थ पिन काढून टाकतात. तसं कधीही करू नका, अ‍ॅम्पमध्ये दोष झाला तर गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात.

लॅपटॉप चार्जरचं. १९ व्होल्टमधून ९ काढायचे म्हणजे वरचे १० व्होल्ट सगळे उष्णतेत, ३०० मिलिअँपिअरला ३ वॅट, हीटसिंक मोठा लागेल. त्यात स्विचिंगचा कचरा असतो लाखभर हर्ट्झच्या आसपास किंवा वर, आणि ७८०९ जी १०० हर्ट्झला हजार पट दाबते ती तिथे फारच थोडं दाबते, म्हणून आयसीच्या आधी १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० मायक्रोफॅरड असा फिल्टर हवा. एवढं करून तो फक्त एका भागाला चालेल, कारण सोर्स एकच. शिवाय ज्या चार्जरला अर्थ पिन नसते त्यांच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमधून थोडा करंट आउटपुटवर गळतो, गिटारच्या तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच्या. डिले आणि ट्यूनरला एखाद्या वेळी वापरा, ओव्हरड्राइव्हला मी तरी लावणार नाही.

तपासणी घाई न करता करा. मेनची जोडणी स्वतः केली असेल तर पहिल्यांदा लाइव्हमध्ये ४० किंवा ६० वॅटचा जुना फिलामेंटचा दिवा सिरीजमध्ये लावून चालू करा, क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, भरभरून पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. मग पेडल न लावता प्रत्येक जॅकवर व्होल्टेज आणि पोलॅरिटी बघा, ८.६ ते ९.४ मध्ये काहीही आलं तरी चालतं. ताज्या बॅटरीसारखे साडेनऊच्या पुढे हवे असतील तर ७८०९ च्या ग्राउंड पायात एक १एन४००७ घालतात, पट्टी ग्राउंडकडे, त्याने ०.६ व्होल्ट वाढतात, पण मग टॅब ग्राउंडवर राहत नाही, टॅब आणि हीटसिंकमध्ये इन्सुलेशनसाठी मायका लावावा लागतो. नंतर लोड. मधल्या भागाला ३३ ओहम ५ वॅट, पहिल्याला १०० ओहम २ वॅट, अर्धा तास तसंच चालू ठेवा आणि हीटसिंकवर बोट तीनेक सेकंद ठेवता येतंय का बघा. मग सगळं बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्यावर, एका भागाच्या निगेटिव्हपासून दुसऱ्याच्या निगेटिव्हपर्यंत ओहममध्ये मोजा, मीटरने काहीही जोडलेलं नाही असंच दाखवलं पाहिजे. तिन्ही जोड्या मोजा, आणि प्रत्येक निगेटिव्हपासून डब्यापर्यंतही.

शेवटी पेडल. ओव्हरड्राइव्हला नवी बॅटरी घालून, बाकी सगळं बाजूला काढून, गेन पूर्ण ठेवून ऐका, मग नॉबला हात न लावता तोच आपल्या सप्लायवर ऐका. दोन्ही वेळेला आवाज सारखा असेल तर सप्लायचं काम झालेलं आहे, त्याच्यात आणखी कपॅसिटर ओतू नका. उरलेली घूं गिटारसकट जागेवर गोल फिरल्यावर कमी-जास्त होत असेल तर ती सिंगल कॉइल पिकअपची आहे, तिचा इलाज गिटारच्या आत शील्डिंग करण्यात आहे. आणि शिट्टी उरली असेल तर डिलेचा ऑडिओ पॅच केबल त्याच्या पॉवरच्या वायरला समांतर तर गेलेला नाही ना ते बघा, गेलाच असेल तर दोघांना काटकोनात ओलांडू द्या.